तिसऱ्या वर्गाची गळती

नात रांगायला लागायच्या आत समोरच्या खोलीच्या खिडकीखाली हिरवळ तयार असली पाहिजे, असं निरीक्षकांनी जाहीर केलं तेव्हा नात दोन आठवड्यांची होती. म्हणजे घाईचं काही कारण नव्हतं. पण निरीक्षकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती, आणि ‘वेळ आहे’ हे वाक्य त्यांनी आजवर फक्त खोटी वजनं ठेवणाऱ्या दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना निरीक्षकच म्हणत. खातं सुटलं होतं, निरीक्षण सुटलं नव्हतं.

त्यांचं घर तळमजल्यावर. खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये बारा फूट बाय सहा फुटांची एक ओसाड पट्टी होती. नर्सरीवाल्यानं तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणून टाकल्या. निरीक्षकांनी एकेक गुंडाळी उलगडून फूटपट्टीनं मोजली आणि दोन तुकडे अर्ध्या इंचानं कमी भरले म्हणून परत पाठवले. नर्सरीवाला म्हणाला, साहेब, गवत आहे, वाढेल. निरीक्षक म्हणाले, वाढल्यावर घेऊन ये.

निरीक्षकांचा स्वभाव भित्रा होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं बाजारात दुकानदारांचं धाबं दणाणायचं, ते निरीक्षक घरात पेला पडला तरी दचकत. मुलगी बाळाला घेऊन राहायला आल्यापासून तर विचारायलाच नको. जावई मालवाहू बोटीवर होता, चार महिने समुद्रातच राहणार होता, आणि त्याच्या वाटची काळजीही निरीक्षकांनी आपणहून अंगावर घेतली होती. ते खोलीच्या तीन कोपऱ्यांत तापमान घेऊन त्याची सरासरी काढत. दूध पाजायच्या आधी आणि नंतर बाळाचं वजन करून आईला फरक ग्रॅममध्ये सांगत. एकदा तर बाळ नीट झोपलं आहे ना हे बघायला त्यांनी त्याला उठवलं. त्या दिवशी मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा,” ती शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की निरीक्षकांना जास्तच धडकी भरे, “आता तुमची आणखी एक भीती माझ्या कानावर आली, तर मी नणंदेकडे राहायला जाईन. खरंच जाईन.”

नणंदेचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर, मोठं, हवेशीर, आणि नणंद स्वतः जगात कशालाच न घाबरणारी. निरीक्षकांनी कानाला खडा लावला. यापुढे जे काही वाटेल ते गिळायचं. मुलगी निघून जाईल या एका भीतीपुढे बाकीचं सगळं भय त्यांनी पोटात ढकललं आणि हिरवळीकडे लक्ष वळवलं.

दहाव्या दिवशी हिरवळीच्या मधोमध एक पिवळा डाग पडला. पंधराव्या दिवशी तो ताटाएवढा झाला आणि अठराव्या दिवशी तिथलं गवत हाताला लागताच चुरा होऊन पडू लागलं. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर निदान डॉक्टरला तरी विचारतात, झाडपाल्याच्या बाबतीत मात्र विचारावंच लागत नाही. पहिल्या मजल्यावर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांनी गॅलरीतूनच सांगितलं की पाणी जास्त होतंय. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पूल-इंजिनियरनी खाली येऊन बुटाची टाच आपटली आणि सांगितलं की माती दबली आहे. निरीक्षकांच्या पत्नीचं म्हणणं होतं, की ज्या गवताला रोज फूटपट्टी लावली जाते त्याला जगावंसं वाटेलच कसं. निरीक्षकांनी पाणी कमी केलं, माती उकरली, फूटपट्टी बंद केली. डाग वाढतच गेला.

मग शेजारच्या इमारतीतल्या कुत्र्यावर संशय आला. निरीक्षक तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खिडकीशी खुर्ची टाकून बसले. कुत्रं तीनही दिवस आलं, हिरवळीच्या कडेपर्यंत गेलं, नाक पुढे केलं आणि मागच्या मागे वळून निघून गेलं. एका कुत्र्यानं आपल्या हिरवळीला नाक मुरडावं, हे निरीक्षकांच्या मनाला फार लागलं. चौथ्या दिवशी त्यांनी इरेला पेटून झारीभर पाणी त्या डागावर ओतलं आणि ते मुरायची वाट बघत उकिडवे बसले.

पाणी मुरलं नाही. त्यातून बुडबुडे आले.

आधी एक, मग दोन, मग एका जागी लागोपाठ. निरीक्षकांना वाटलं, जमिनीतली हवा असेल. पण जमिनीत असते ती हवा संपते, आणि हे काही संपायचं नाव घेईना. ते आणखी खाली वाकले. सूं असा अगदी बारीक आवाज येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा एकसारखा. तेव्हा त्यांना कंपाउंडच्या बाहेर रस्त्यालगत उभा असलेला गंजका खांब आठवला, ज्याच्यावर ‘खोदू नका, गॅसवाहिनी’ अशी पाटी होती आणि बाण थेट त्यांच्या खिडकीकडे होता. वर खिडकीत मुलगी बाळाला जोजवत होती.

ती म्हणाली, “काय झालं बाबा?”

“गांडूळ आहे,” निरीक्षक म्हणाले. आयुष्यात ते इतकं पटकन खोटं कधी बोलले नव्हते.

गॅस कंपनीचा तक्रारीचा फोन त्यांनी गच्चीवर जाऊन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. वास येतो का, तिनं विचारलं. निरीक्षक म्हणाले, वास नाही, बुडबुडे येतात. तिच्याकडे बुडबुड्यांचा पर्याय नव्हता. वास, ज्वाला आणि बिल, या तिन्हींपैकी काय नोंदवू, असं ती विचारू लागली. निरीक्षकांनी तिला सांगितलं की ज्वाला नोंदवायला आपण राहणार नाही. तिनं ते ‘इतर’मध्ये नोंदवलं आणि ग्राहक क्रमांक मागितला.

क्रमांक दिला, तर तो चालेना. दुसऱ्या दिवशी निरीक्षक जातीनं कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनानं नकाशा उलगडून कारण दाखवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात येणारा गॅस इमारतीच्या मागच्या बाजूनं येत होता. समोरची लाइन जुनी, मोठी, आणि ती त्यांच्या खिडकीखालून नुसती पुढे जात होती, पलीकडच्या वस्तीला गॅस द्यायला. म्हणजे त्या लाइनचे ते ग्राहक नव्हते, आणि तक्रार ग्राहकानंच करायची असते. निरीक्षक म्हणाले, ती फुटली तर उडणार मी. कारकून सहानुभूतीनं म्हणाला, हो, पण ग्राहक म्हणून नाही.

एखादा दुसरा माणूस खचला असता. निरीक्षक सरकारी नोकरीत केस पिकवलेले होते, त्यांना त्या उत्तरात ओळखीचं काहीतरी सापडलं आणि उलट हुरूप आला. त्यांनी ‘नागरिक सूचना’ नावाचा एक फिकट हिरवा फॉर्म शोधून काढला, जो त्या कार्यालयात कोणी भरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यात एक रकाना होता, ‘बाधित कोण’. निरीक्षकांनी तिथे ‘एक नात’ असं लिहिलं, मग मुलीच्या कानावर जाईल या धास्तीनं ते खोडून ‘हवा’ असं लिहिलं. कारकुनानं ते वाचलं आणि सांगितलं की हवेची तक्रार अजून कधी आलेली नाही.

तरी तंत्रज्ञ आला. तिसऱ्या दिवशी, मुलगी बाळाला लस द्यायला घेऊन गेलेली असताना आला, ही निरीक्षकांना देवाचीच कृपा वाटली. मध्यमवयीन, सभ्य, कमी बोलणारा माणूस. त्यानं लोखंडी कांबीनं जमिनीत भोकं पाडली, प्रत्येक भोकात यंत्राची नळी घातली, खिडकीखाली, उंबऱ्यात, गटाराच्या झाकणाशी सगळीकडे तपासलं, आणि निकाल सांगितला. गळती आहे. तिसऱ्या वर्गाची आहे.

निरीक्षकांनी विचारलं, एकूण वर्ग किती. तीन, तंत्रज्ञ म्हणाला. पहिल्या वर्गाची लगेच बुजवतात, दुसऱ्या वर्गाची सहा महिन्यांत. तिसऱ्या वर्गाची किरकोळ, तिची नोंद ठेवतात आणि वर्षभरानं येऊन पुन्हा बघतात. गॅस हवेपेक्षा हलका, सरळ वर जातो. घराकडे वळलेला नाही. किरकोळ म्हणजे किती, हा प्रश्न निरीक्षकांनी विचारला नसता तर त्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी वाया गेली असती. तंत्रज्ञ म्हणाला, तसं मोजत नाही साहेब. ज्या देशात अर्धा ग्रॅमही मोजला जातो तिथे हे मोजत नाहीत, या विचारानंच निरीक्षकांना घाम फुटला.

“पण वास का येत नाही?” त्यांनी विचारलं.

“मातीतून गाळून येतो तेव्हा वास मातीतच राहतो. म्हणून वासावर विसंबायचं नाही.” मग त्यानं पिवळ्या रंगानं डागाभोवती गोल काढला, आत ‘३’ लिहिलं आणि जाताना म्हणाला, “एवढी जागा मोकळी राहू द्या.”

वासावर विसंबायचं नाही, हे वाक्य तो माणूस सहज बोलून गेला, पण निरीक्षकांचं जगणं त्यानं हराम केलं. आता वास आला तरी भीती आणि नाही आला तर त्याहून मोठी भीती. ते दिवसातून वीस वेळा खोल्याखोल्यांतून नाक वर करून हिंडू लागले. कधी त्यांना भिंतीतून वास येई, कधी वर्तमानपत्रातून, एकदा बँकेत रांगेत उभे असताना आला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की नाक उत्तम आहे, वास मनातून येतो आहे. आला की शंभर आकडे मोजा, जाईल. निरीक्षक मोजत. कधीकधी दिवसाचे दोन हजार आकडे होत.

मुलीनं पिवळ्या गोलाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की रस्ता रुंद होणार आहे, त्याच्या खुणा. ती म्हणाली, मग तीन कशाला? ते म्हणाले, तीन वर्षांनी. पण तिला सांगायचं म्हणजे तिनं बॅग भरायची, आणि तिच्या लग्नानंतर आठ वर्षांनी भरलेलं घर पुन्हा रिकामं व्हायचं. संध्याकाळी बाळ रडायला लागलं की त्या आवाजानं घरातले पडदेसुद्धा जागे झाल्यासारखे वाटत. निरीक्षकांना तो आवाज सोडवत नव्हता. हे त्यांनी पत्नीलाही सांगितलं नव्हतं.

कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून त्यांनी पूल-इंजिनियरना सांगितलं. ज्यांना कधी शंका येत नाही अशा माणसांपैकी ते होते. त्यांनी अंगठ्यानं हिरवळीकडे निर्देश करून म्हटलं, छिद्र आहे ना, मग बुजवा. सहा इंच काँक्रीट, वर फरशी. मी नद्या अडवल्यात, ही तर फुंकर आहे. निरीक्षकांनी ‘मोकळी राहू द्या’ची आठवण दिली. इंजिनियर म्हणाले, ते कशासाठी? पुढच्या वर्षी त्यांना जागा सापडावी म्हणून.

हा मुद्दा निरीक्षकांना पटला. पटला कसला, तो त्यांच्या आयुष्यभराच्या श्रद्धेत जाऊन बसला. जागा सापडणं हाच प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर त्यांच्याइतकं चोख कोण देणार. त्यांनी पोलादी टेप घेतली, खिडकीच्या चौकटीपासून डागाचा मध्यबिंदू मोजला, कंपाउंडच्या खांबापासून मोजला, दोन्ही मापं तीनतीनदा घेतली, प्रमाणात नकाशा काढला, खाली सही केली, तारीख घातली आणि एक प्रत रजिस्टर्ड पोस्टानं गॅस कंपनीला पाठवली. मग गवंड्याला बोलावलं.

दोन दिवसांत खिडकीखाली छान राखाडी फरशी झाली, आणि मधोमध एक सिमेंटचं बाकडं. सूं आवाज बंद झाला. निरीक्षकांनी फरशीला कान लावून खात्री केली. त्या दुपारी ते महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपले. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी गॅलरीतून सांगितलं की हिरवळीपेक्षा हेच बरं. मुलगी सकाळच्या कोवळ्या उन्हात बाळाला घेऊन बाकावर बसू लागली, आणि बरोबर त्या डागाच्या जागी आपली नात पाय झाडते आहे हे पाहून निरीक्षक दारापर्यंत धावत गेले. पण बोलायची सोय नव्हती. ऊन लागेल, एवढंच ते म्हणाले. मुलीनं नुसतं पाहिलं. ते आत वळले.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला पत्नी मागच्या खोलीत आडवी झाली होती. समोरच्या खोलीत पाळण्यात बाळ झोपलं होतं, पंखा हळू फिरत होता आणि मुलगी टेबलावर बाळाची झबली पसरून इस्त्रीची वायर सोडवत होती. निरीक्षकांनी दुपटं काढायला भिंतीतलं कपाट उघडलं, आणि त्यांना वास आला.

सडक्या कोबीसारखा. त्यांनी कपाट बंद केलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हा मनातला वास आहे. बाहेर सहा इंच काँक्रीट आहे. दहा, अकरा. कालही आला होता, परवाही आला होता, बँकेत आला होता. मागे मुलीनं वायर सोडवली होती, आता ती प्लगची जागा शोधत होती. एकवीस, बावीस. आत्ता बोललो आणि काही नसलं, तर उद्या सकाळी दारात टॅक्सी उभी राहील, पाळणा घडी घालून कोपऱ्यात ठेवला जाईल, आणि या खोलीत पुन्हा नुसतं घड्याळ वाजेल. तीस. नाही बोललो आणि काही असलं तर. निरीक्षकांना ते वाक्य पुरं करवेना. सदतिसाव्या आकड्याला त्यांनी कपाट पुन्हा उघडलं. बँकेतला वास दुसऱ्यांदा नाक लावलं की पळून जायचा. हा तिथेच होता, आणि दुपट्यांच्या मागे, जिथून जुन्या टेलिफोनच्या वायरची रिकामी नळी भिंतीत आली होती, तिथून, मधे गाळायला माती नसल्यामुळे, गार वाऱ्यासारखा बोटांना लागत होता.

मुलीच्या हातातला प्लग भिंतीपासून वीतभर लांब होता.

“तो प्लग लावू नकोस,” निरीक्षक म्हणाले.

तिनं डोळे मिटले. “बाबा, पुन्हा?”

“हो, पुन्हा. तुला उद्या जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण आत्ता बाळाला उचल आणि बाहेर चल. पंखा चालू आहे तो चालू राहू दे. कशालाच हात लावू नकोस.”

त्यांचा आवाज असा कधी निघाला नव्हता. बाजारातही नाही. मुलीनं प्लग खाली ठेवला, बाळाला छातीशी धरलं आणि ती बाहेर निघाली. निरीक्षकांनी पत्नीला उठवलं. ती चष्मा शोधू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. गेल्या कित्येक वर्षांत धरला नसावा, कारण ती घाबरून चष्म्याशिवायच आली. मग ते जिना चढले. घंटी वाजवायची नाही, ठिणगी पडते, म्हणून हातांनी दारं बडवत गेले. वनस्पतिशास्त्राच्या बाई पेपर तपासत होत्या, त्या लाल पेनासकट उतरल्या. इंजिनियर झोपेतून उठून म्हणाले की सहा इंच काँक्रीटमधून मुंगी जाणार नाही. निरीक्षकांनी त्यांना खांद्याला धरून खाली आणलं. गुडघे इतके कापत होते, की शेवटच्या चार पायऱ्या निरीक्षक कठड्याला धरून बसत बसत उतरले, आणि हे सगळ्या इमारतीनं रस्त्याच्या पलीकडून पाहिलं.

गॅसवाले या खेपेला वीस मिनिटांत आले, कारण निरीक्षकांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन फोनवर ‘वास’ हा पर्याय निवडला होता. तोच सभ्य तंत्रज्ञ होता. तो यंत्र घेऊन आत गेला, आणि कपाटाजवळ पोचला असेल नसेल तोच ते यंत्र जे किंचाळायला लागलं ते रस्त्यापर्यंत ऐकू आलं. मुलीनं बाळाला शालीत आणखी घट्ट गुंडाळलं. बाई म्हणाल्या, आज निरीक्षकांमुळे आपण वाचलो. इंजिनियरनी सगळ्यांना सांगितलं की ही गळती आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. निरीक्षकांची मान ताठ झाली. ती पुरतं एक मिनिट ताठ राहिली.

मग तंत्रज्ञ बाहेर आला आणि बाकाजवळ थांबला.

“हे कोणी केलं?”

इंजिनियर म्हणाले, मी पुलांचा माणूस, गॅसशी माझा काय संबंध. आणि गर्दीत मागे सरकले. निरीक्षक पुढे झाले. त्यांच्या पाकिटात नकाशाची दुसरी प्रत होती, ती त्यांनी उलगडून पुढे धरली, आणि धरताधरताच त्यांना कळलं की आपण काय केलं आहे. तंत्रज्ञानं नकाशा पाहिला, टेप लावून पाहिली, बाकावर खडूनं फुली मारली.

“मापं अगदी बरोबर आहेत,” तो म्हणाला. “काका, तो वर आकाशात जात होता. तुम्ही त्याची वाट बंद केलीत, म्हणून त्यानं तुमच्या घरातली वाट धरली.”

हे त्यानं ओरडून सांगितलं नाही, सगळ्यांत वाईट तेच होतं. हातोडे चालले, बाकडं फुटलं, फरशी उखडली, आणि खालून तोच बारीक सूं आवाज मोकळा झाला. या गळतीचा वर्ग आता पहिला आहे, तंत्रज्ञानं सांगितलं. जुनी लाइन बदलेपर्यंत, म्हणजे आठ दिवस, तळमजल्यावर कोणी राहायचं नाही.

मुलगी निरीक्षकांजवळ आली. “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“महिना होऊन गेला.”

“माशीची भीती मला सांगितलीत. पाण्याची सांगितलीत, पंख्याची सांगितलीत. आणि ही नाही सांगितली?”

“तू गेली असतीस,” निरीक्षक म्हणाले.

तिचा चेहरा रागानं पांढरा पडला होता. निरीक्षकांना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याच्या कडेला गेली आणि तिनं नणंदेला फोन लावला. निरीक्षकांनी मनाशी ठरवून टाकलं की आठ दिवस एखाद्या लॉजवर काढायचे, आणि त्यानंतरचं आता आपण विचारायचं नाही. तेवढ्यात त्यांना तिचं बोलणं ऐकू आलं. हो, तुमच्याकडेच येतोय. किती जण? ती थांबली. मग म्हणाली, चौघं.

टॅक्सीत पत्नी पुढे बसली, चष्म्याशिवाय, समोर दिसेल त्याला वाहन समजून दचकत. मागे मुलगी, बाळ आणि निरीक्षक. दोन चौक मागे पडले. मग मुलगी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “एक अट आहे. यापुढे जी जी भीती वाटेल ती मोठ्यानं सांगायची. कितीही वेडगळ असली तरी. एकही पोटात ठेवायची नाही.”

निरीक्षकांनी आधी संकोच केला. मग ते म्हणाले की टॅक्सीवाला मघाशी जांभई देत होता. मुलगी म्हणाली, हं. ते म्हणाले की मागचं दार नीट लागलेलं वाटत नाही. तिनं दार उघडून पुन्हा लावलं. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीची त्यांना भीती वाटत होती, लिफ्टची वाटत होती, नणंदेची तर फारच वाटत होती. टॅक्सीवाला आरशातून बघू लागला. पत्नीनं मागे न वळता सांगितलं की चालू द्या, घरी रोज असंच असतं. बोलताबोलता निरीक्षकांचा आवाज बसत गेला, आणि सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते इतक्या हळू बोलले की मुलीला वाकून ऐकावं लागलं.

“तू आता पुन्हा कधी आमच्याकडे राहायला येणार नाहीस, याची भीती वाटते.”

सिग्नल सुटला. मुलीनं बाळाभोवतीची शाल सोडवली, झोपलेल्या बाळाखाली दोन्ही हात घातले आणि ते उचलून निरीक्षकांच्या मांडीवर ठेवलं.

“मान धरा नीट,” ती म्हणाली.

“माझे हात कापतायत.”

“कापू देत,” ती म्हणाली. “धरा.”